पारख कुणाची?

दानाचा विषय निघाला की मराठी मनात पहिल्यांदा येतं ते सत्पात्र. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश आणि काळ यांच्या जोडीला पात्रही घातलं आहे, आणि ती अट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इतकी मुरली आहे की दारात अनोळखी माणूस उभा राहिला तर हात खिशाकडे जाण्याआधी डोळे त्याच्या अंगावरून फिरून येतात. धडधाकट तर दिसतो, मग काम का करत नाही? तोंडाला वास येतो का? मागच्या खेपेला गावाचं नाव वेगळं सांगत होता का? ख्रिस्ती घरातही याहून वेगळं काही घडत नाही. तिथे या चौकशीला विवेक म्हणतात, आणि देवाने दिलेली बुद्धी वापरायला नको का, असं विचारून विषय मिटवतात. अडचण अशी की ज्या शुभवर्तमानाच्या आधारावर हे बोललं जातं, त्यातल्या मत्तयाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे चित्र आहे त्यात हा प्रश्नच नाही. भुकेल्याला खायला दिलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढंच तिथे पाहिलं जातं. तो भुकेला स्वतःच्या आळसाने भुकेला होता का, आणि तुरुंगातला माणूस खरोखरच गुन्हेगार होता का, याची विचारपूस न्याय करणारा राजा करत नाही. तुरुंगाचा उल्लेख तर मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. ज्याच्या नावावर दोष लागलेला आहे त्यालाही त्या यादीत जागा आहे. मग ख्रिस्ती माणसाने विवेक करायचा तो कशाचा? माझं म्हणणं असं, की ही परंपरा नीट वाचली तर विवेकाचा रोख मागणाऱ्याच्या लायकीवर फारच थोडा पडतो. काय द्यायचं, किती काळ द्यायचं, ते कुणाच्या पैशातून द्यायचं आणि आपण ते कशासाठी देतो आहोत, इथे त्याचं खरं काम आहे.

आधी विवेकाच्या बाजूचा सगळ्यात जुना पुरावा घेऊ, कारण तो भक्कम आहे. 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका १८७३ साली फिलोथिओस ब्रायेन्निओस या धर्मगुरूला कॉन्स्टॅन्टिनोपलमधल्या एका मठाच्या ग्रंथालयात सापडली आणि दहा वर्षांनी छापून आली. सापडलेली प्रत १०५६ सालची, पण मजकूर पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे नव्या करारातल्या काही पत्रांच्या आसपासचा. ख्रिस्ती मंडळ्या तेव्हा छोट्या होत्या, एकमेकींपासून दूर होत्या, आणि फिरते उपदेशक आणि वाटसरू एका गावातून दुसऱ्या गावात जाताना त्यांच्या दारात उतरत. या पुस्तिकेत त्यांच्यासाठी नियम आहेत, आणि ते वाचताना गावच्या कारभाऱ्यांनी अनुभवातून घातलेले नियम वाचतो आहोत असं वाटतं. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घेईल. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या संचारात येऊन स्वतःसाठी ताट मांडायला सांगेल आणि त्यावर स्वतःच बसेल, तोही खोटा. पण तोच जर दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला कुणी दोष देऊ नये. साध्या वाटसरूसाठी मर्यादा दोन-तीन दिवसांची. गावात स्थायिक व्हायचं असेल आणि हातात हुन्नर असेल तर त्याने काम करून खावं; हुन्नर नसेल तर मंडळीने आपल्या समजुतीप्रमाणे त्याची सोय लावावी; यालाही तो राजी नसेल तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करतो आहे, त्याच्यापासून जपावं.

विवेकवाद्यांना आवडेल असाच हा मजकूर आहे. पण यातला क्रम पाहिला पाहिजे. प्रभूच्या नावाने जो येईल त्याला आधी आत घ्या आणि मग पारखा, असं ती पुस्तिका सांगते. दाराबाहेर उभं करून पारखा असं सांगत नाही. पहिलं जेवण, पहिली रात्र यांना चौकशी नाही. चौकशी सुरू होते ती मुक्काम लांबतो तेव्हा. दुसरं असं, की सगळ्यात कडक कसोट्या भुकेल्याला लावलेल्या नाहीत. त्या देवाच्या नावाने अधिकार सांगणाऱ्याला लावल्या आहेत. नुसता गरजवंत म्हणून आलेल्या माणसापेक्षा 'मी देवाचा माणूस' म्हणत आलेल्यावर त्या मंडळ्यांचा संशय जास्त होता. आज आपण नेमकं उलट करतो. सभामंडपात झगमगीत दिव्यांखाली देणगीची हाक देणाऱ्या पाहुण्या वक्त्याला कुणी हिशेब विचारत नाही, आणि फाटकाशी बसलेल्या म्हातारीला दहा रुपये देताना तिचा मुलगा काय करतो हे विचारतो.

फसवणुकीची भीती त्या काळी कल्पनेतली नव्हती, हेही मान्य करायला हवं. दुसऱ्या शतकातला उपहासकार लुशियन याने पेरेग्रिनस नावाच्या माणसाची गोष्ट लिहून ठेवली आहे. हा भटका तत्त्वज्ञ काही काळ ख्रिस्ती झाला, तुरुंगात पडला, आणि मग आशियातल्या शहराशहरांतून ख्रिस्ती लोक पैसे, जेवण आणि धीर घेऊन त्याच्यापर्यंत पोचले. त्या कैदेवर त्याने चांगली माया जमवली, असं लुशियन म्हणतो. या भोळ्या लोकांत एखादा हुशार लबाड शिरला तर बघता बघता श्रीमंत होईल, असा टोमणाही मारतो. पेरेग्रिनसला पुढे त्या मंडळींनी दूर केलं आणि १६५ साली ऑलिंपियाच्या खेळांच्या वेळी त्याने स्वतःला जाळून घेतलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं आपण म्हणू. लुशियनचं हे लिखाण ख्रिस्ती लोकांची टर उडवण्यासाठी होतं. पण त्यातून त्यांच्याविषयी जे कळतं ते त्यांना खाली आणणारं नाही. बाहेरच्या माणसाला ते कसे दिसत होते? फसवता येतील इतके देणारे. कंजूष म्हणून त्यांची टर कुणी उडवली नाही.

दुसऱ्या ते चौथ्या शतकांत मात्र ख्रिस्ती विचारवंतांत या प्रश्नावर सरळ दोन बाजू पडलेल्या दिसतात. 'हर्मासचा मेंढपाळ' या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथाचा उपदेश असा, की कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये हे न तोलता सगळ्यांना द्या. फसवून घेतलं त्याचा जाब घेणारा देईल, देणारा निर्दोष. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट श्रीमंतांना बजावतो की लायक-नालायक निवडायला बसू नका, निवडताना देवाचाच एखादा लाडका वगळला जाईल. जॉन क्रिसोस्टम अंत्युखियातल्या प्रवचनांत आणखी पुढे जातो: दान करणारा बंदरासारखा असावा, बंदरात शिरणाऱ्या फुटक्या गलबताला कुणी चारित्र्याचा दाखला विचारत नाही. दुसऱ्या बाजूला कैसरियाचा बासिल आहे. ३६८ च्या सुमाराच्या दुष्काळात लोकांना जगवणारा आणि शहराबाहेर आजारी व परक्यांसाठी मोठी वसाहत उभी करणारा हा बिशप. त्याच्या पत्रव्यवहारातून कळतं, की खऱ्या गरजवंताला हावऱ्या भिकाऱ्यापासून ओळखायला अनुभव लागतो असं तो शिकवत असे, आणि म्हणून दान ज्याच्याकडे हे काम सोपवलं आहे त्याच्या हाती द्यावं असा त्याचा सल्ला होता. मिलानचा अँब्रोज तर पाळकांना स्पष्ट इशारा देतो: धडधाकट भटके खोटी कर्जं, खोट्या चोऱ्या सांगत येतात आणि गरिबांचा वाटा रिकामा करून जातात.

यांपैकी एक बाजू चूक धरावी लागते असं मला वाटत नाही, कारण ते एकाच स्थितीविषयी बोलत नाहीत. क्लेमेंट आणि क्रिसोस्टम ऐकवतात ते स्वतःच्या पैशाच्या मालकाला. बासिल आणि अँब्रोज बोलतात ते दुसऱ्याच्या पैशाच्या राखणदाराविषयी. आपल्या खिशातले पन्नास रुपये एखाद्या लबाडाने नेले तर नुकसान आपलं. ते सोसण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि ख्रिस्ती माणसाला तर थोडंफार सोसण्याची सवयच असायला हवी. पण मंडळीच्या गरीब निधीतले पन्नास हजार एकाने लबाडीने नेले तर ते एखाद्या विधवेच्या डायलिसिसचे, एखाद्या पोराच्या फीचे असतात. क्रिसोस्टमच्याच काळात अंत्युखियाच्या मंडळीच्या यादीवर तीन हजार विधवा आणि कुमारिका होत्या, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. एवढी यादी डोळे मिटून चालवता येत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीला साठ वर्षं वयाची अट आहे तीही कायमच्या पोषणाची, एका वेळच्या जेवणाची नव्हे. तेव्हा चौकशीचा नैतिक आधार एकच, इतर गरिबांचा हक्क. आपल्याला कुणी मूर्ख बनवू नये ही इच्छा हा आधार होऊ शकत नाही. आणि आपल्यातले बहुतेक जण स्वतःच्या पन्नास रुपयांसाठी विश्वस्ताची भाषा वापरतात नि विश्वस्त म्हणून खुर्चीवर बसले की ओळखीच्या माणसाचा अर्ज वरच्यावर मंजूर करतात.

चांगल्या शमरोन्याची गोष्ट या प्रश्नात नेहमी आणली जाते, आणि बहुधा विवेकाच्या विरोधात आणली जाते: त्याने काही विचारलं नाही, सरळ मदत केली. हे अर्धंच खरं. यरुशलेमहून यरीहोला जाणारा तो रस्ता सुमारे २७ किलोमीटरमध्ये हजारभर मीटर खाली उतरतो, उजाड डोंगरांतून, दरोडेखोरांना सोयीचा. रस्त्यात पडलेला माणूस हा सापळाही असू शकतो, हे त्याला पाहून बाजूने निघून गेलेल्या याजकाला आणि लेव्याला सुचलं असेल तर त्यात वेडेपणा नव्हता. शमरोन्याने जखमीचा देश, धर्म, त्या रस्त्याने एकट्याने जाण्याचं कारण, यातलं काही विचारलं नाही. पण बाकी प्रत्येक पायरीवर त्याची बुद्धी जागी आहे. जखमेला तेल आणि द्राक्षारस लावून पट्टी बांधली. चालता येत नाही म्हणून स्वतःच्या जनावरावर बसवलं. घरी नेलं नाही, उतारशाळेत नेलं. रात्रभर जवळ राहिला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला निघाला. सगळं सोडून त्याच्यापाशी बसला नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागलं तर परतताना देईन असं सांगितलं. पैसे जखमीच्या हातात दिले नाहीत, कारण त्या क्षणी त्याला पैशाचा उपयोग नव्हता. कुणावर विश्वास टाकावा लागला असेल तर तो त्या मालकावर, कारण उघडं खातं त्याच्या हाती राहिलं. परत आल्यावर तो फुगवलेलं बिल पुढे करू शकला असता. ही जोखीम शमरोन्याने पत्करली. माणसाच्या लायकीबद्दल शून्य प्रश्न आणि मदतीच्या स्वरूपाबद्दल बारीक विचार, अशी ही गोष्ट आहे. विवेकाचा याहून चांगला नमुना मला शुभवर्तमानात दुसरा दिसत नाही.

आता खरा आक्षेप. दिलेलं दान घेणाऱ्याचं वाईटच करत असेल तर? दारुड्याच्या हातात पैसे देणं म्हणजे त्याला बाटली देणं; सिग्नलवरच्या पोराला नाणं देणं म्हणजे त्याला तिथे बसवणाऱ्या टोळीला पगार देणं. या आक्षेपाला ऑगस्टिनचं उत्तर मला सगळ्यात नेमकं वाटतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात मागणाऱ्या प्रत्येकाला देण्याची आज्ञा आहे, मागेल ते सगळं देण्याची नाही, असं तो दाखवतो. नाकारावं लागलं तरी समजावून, मान राखून नाकारावं, म्हणजे तो रिकाम्या हाताने गेला असं होत नाही. दारूचा प्रश्न पोप फ्रान्सिसनी २०१७ साली मिलानच्या बेघरांच्या एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत वेगळ्या बाजूने घेतला. देणं नेहमीच योग्य, असं सांगून पेलाभर द्राक्षारस हेच जर त्या माणसाच्या आयुष्यातलं सुख असेल तर तुमची गुपित सुखं कोणती हे स्वतःला विचारा, असा त्यांचा रोख होता. आणि देताना त्याच्या डोळ्यांत बघा, हाताला हात लागू द्या, असंही ते म्हणाले. मला यातला पहिला भाग पूर्ण पटत नाही. व्यसन हे सुख नव्हे, आजार आहे, आणि एखाद्याच्या आजाराला आपण हातभार लावू नये. पण दुसऱ्या भागापुढे माझी हरकत संपते, कारण डोळ्यांत पाहिलं तरच हातात पैसे द्यायचे की हॉटेलातून वरणभात आणून द्यायचा हे कळतं. गाडीची काच वर करून हे ठरवता येत नाही.

टोळ्यांबद्दल क्रिसोस्टम काय म्हणतो हे आजही चटका लावणारं आहे. त्याच्या काळातही रस्त्यावरचे भिकारी जुन्या चपलांचं कातडं चघळत, डोक्यात खिळे ठोकून घेत, गोठलेल्या पाण्यात बसत, कुणी तर पोटच्या पोरांना आंधळं करत. याचा दोष तो ऐकणाऱ्यांवर ठेवतो: साध्या विनवणीने तुम्ही पाझरत नाही, तमाशा केला की पैसे फेकता, म्हणून त्यांना तमाशा करावा लागतो. याचा अर्थ आजच्या टोळीला पैसे द्यावे असा कुणी घेऊ नये. लहान मुलाच्या हातातलं नाणं बहुतेक वेळा त्याचं राहत नाही. अशा ठिकाणी विवेक म्हणजे १०९८ हा क्रमांक फिरवणं. मुलांसाठीची ती हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. पण फोन लावायला थांबावं लागतं, मुलाशी दोन शब्द बोलावं लागतं, जागा नीट सांगावी लागते. 'टोळी असते हो' असं म्हणून पुढे जाणाऱ्याने मदतीचं रूप बदललेलं नसतं, मदत टाळलेली असते.

पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये, हे वाक्य चर्चच्या सभांतून हमखास ऐकू येतं. ते कुणाविषयी आहे हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. ते अनोळखी माणसाविषयी नाही. मंडळीतच राहणारे, एकमेकांना ओळखणारे काही भाऊ कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करत होते, त्यांना तो बोल होता. ओळखीच्या आळशाला लावलेला नियम अनोळखी उपाशी माणसाला लावण्याचा अधिकार पौलाने कुणाला दिलेला नाही. एवढं पुरे.

लायकीची चौकशी हीच मदतीची मुख्य गोष्ट झाली की काय होतं, याचा धडा इतिहासात आहे. १८६९ साली लंडनमध्ये धर्मादाय संघटन मंडळी स्थापन झाली. हेतू चांगला होता: दुहेरी दान थांबावं, प्रत्येक घराला भेट द्यावी, कागद ठेवावे, दान शास्त्रशुद्ध व्हावं. आजच्या समाजकार्याच्या शिक्षणातल्या कितीतरी चांगल्या पद्धती तिथूनच आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लायक आणि नालायक गरीब अशी विभागणी तिच्या कामाचा कणा झाली, आणि तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोकांनी तिला 'लाचार व्हा नाहीतर उपाशी मरा' अशा अर्थाचं टोपणनाव दिलं. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्या गरिबांना वाटलं असणार. हीच वृत्ती कायद्यात उतरली की अधिक कठोर होते. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्यात धरलं, गाऊन-नाचून चार पैसे मिळवणाऱ्यालाही धरलं, विनावॉरंट अटकेची सोय केली आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत डांबण्याची तरतूद केली. हा कायदा पुढे इतर राज्यांनी उचलला, दिल्लीतही लागू झाला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली बरीच कलमं त्या शहरापुरती घटनाबाह्य ठरवली. गरिबाची पारख पोलिसाच्या हाती गेली की ती इथवर येऊन पोचते.

आणि या सगळ्या पारखीतून एक मोठा वर्ग सुटतोच: जो मागायलाच येत नाही. मंडळीने मदतीचं पहिलं संघटित काम का उभं केलं, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. लबाड घुसले म्हणून सात सेवक नेमले नाहीत. रोजच्या वाटपात ग्रीकभाषी विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर झाली, म्हणून नेमले. ख्रिस्ती दानाच्या व्यवस्थेची सुरुवात गाळण्यासाठी झाली नाही, सुटलेल्यांना आत घेण्यासाठी झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लबाडांविषयी इशारा देणारा अँब्रोजही त्याच ठिकाणी सांगतो की नुसते कान उघडे ठेवून चालत नाही, डोळेही हवेत. जो लाजेने समोर येत नाही त्याला शोधा. १४४२ साली फ्लोरेन्समध्ये, पुढे आर्चबिशप झालेल्या अँटोनिनोच्या पुढाकाराने, बारा भल्या माणसांची एक संस्था याचसाठी निघाली. प्रतिष्ठित पण बुडालेली घरं शोधायची आणि गुपचूप मदत करायची, एवढंच तिचं काम. साठवलेली मालमत्ता ठेवायची नाही असा दंडक होता. पैसे संपले की दाराशी मेणबत्ती लावायची, म्हणजे शहराने समजून घ्यायचं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत होतं. दुष्काळ पडला, जवळचं सगळं संपलं, कष्टाची कामं येत नव्हती आणि भीक मागायला मन धजत नव्हतं. १८७४ साली आई, वडील आणि बहीण पाठोपाठ गेली. कुठल्याही चौकशी समितीपुढे हे कुटुंब उभं राहिलंच नसतं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. अर्ज येण्याची वाट पाहिली नाही. निवड केली ती धोक्यावरून: दुष्काळात तरुण, निराधार मुलींना पळवणारे दलाल फिरत होते, म्हणून त्या आधी. त्यांच्या केडगावच्या आश्रमात मग विणकाम, तेलघाणा, छापखाना असे धंदे शिकवले गेले, कारण पोसणं कायमचं करायचं नव्हतं. काय द्यायचं आणि कुठवर द्यायचं, हा विवेक इथे पुरेपूर आहे.

ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंचं नाव घेतलं की शेवटचा आणि सगळ्यात अवघड आक्षेप आलाच: ख्रिस्ती मदतीच्या मागे गळ असतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. १८९३ साली रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनीही सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावत नाही, पण दार लावूनही घेत नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसं होती. मला वाटतं, जो खातो आहे त्याच्या 'हो'ला पूर्ण मोकळीक असते असं धरून चालणं देणाऱ्याला परवडत नाही, आणि हे त्या काळच्या काही मिशनऱ्यांनाही कळत होतं. तेलुगू मुलखातल्या ओंगोलच्या जॉन क्लफने १८७६-७८ च्या दुष्काळात बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचं कंत्राट घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली. दुष्काळ असेपर्यंत त्याने बाप्तिस्मा देणं थांबवलं. मदतीचं वाटप बंद झाल्यावरच दार उघडलं, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्या आकड्यावर आजही कुणी शंका घेईल. पण ज्या काळात लोक सर्वांत लाचार होते त्या काळात हात आवरण्याचा निर्णय देणाऱ्याने स्वतःविरुद्ध घेतला होता. ३६२ साली सम्राट ज्युलियनने, जो ख्रिस्ती धर्माचा विरोधक होता, आपल्या पुरोहिताला चिडून लिहिलं होतं की हे गालिली लोक त्यांच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात. शत्रूने दिलेल्या या दाखल्याएवढा चांगला दाखला आजच्या किती संस्थांना मिळेल?

इग्नेशियस लोयोला हा विवेकाच्या नियमांसाठीच ओळखला जातो, आणि त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या १५४८ साली छापलेल्या ग्रंथात दान वाटण्याचे नियम आहेत. त्यात मागणाऱ्याला तपासण्याची एकही युक्ती नाही. नियम आहेत ते वाटणाऱ्यासाठी, विशेषतः आपल्या नातलगाला आणि मित्राला देण्याचा मोह होतो तेव्हासाठी. जो माणूस तू कधी पाहिला नाहीस, ज्याला ओळखत नाहीस, तो तुझ्या जागी असता तर त्याने कसं वाटावं असं तुला वाटलं असतं? तसं तू वाट. मरताना आणि न्यायाच्या दिवशी कसं वाटलेलं बरं वाटेल? तसं आता वाट. आपण परक्याला कसोटी लावतो. इग्नेशियसने परक्यालाच कसोटी केलं.

म्हणून धर्मग्रामांच्या आणि मंडळ्यांच्या मदत समित्यांवर बसलेल्यांना एक विनंती. अर्जातला 'रविवारी उपासनेला येता का' हा रकाना आणि ओळखीच्या सभासदाच्या शिफारशीची अट काढून टाका. किती हवं, कशासाठी आणि कधीपर्यंत, हे ठेवा. पहिली मदत, म्हणजे औषध, शिधा, रात्रीची सोय, अर्जाविना द्या, आणि मोठ्या रकमेआधी दोघांनी घरी जाऊन बसा, जसं संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद १८३३ पासून जात आले आहेत. दर महिन्याच्या बैठकीत आलेल्या अर्जांवर बोलण्याआधी, आपल्या वस्तीत अर्ज करायला हवा होता पण केला नाही असं घर कोणतं, हे प्रत्येकाने सांगावं. आणि समितीच्या सदस्याच्या नातेवाइकाचा अर्ज असेल तर त्या वेळी त्या सदस्याने उठून बाहेर जावं.